वजावट

कुसुंबखेडात त्या वर्षी चोर दार फोडायचे आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचे. दाराला कोणी भीत नव्हतं. भीती होती आतल्या हवेची. हवा साक्ष देऊ लागली होती.

माणूस खोलीत शिरतो तेव्हा एकटा शिरत नाही. त्याच्या कातडीवर, केसांत, श्वासात कोट्यवधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते आणि त्यातले लाखो दर तासाला झडून भिंतींवर, पडद्यांवर, भांड्यांवर बसतात. कोणत्या जातीचे किती, हे प्रमाण दर माणसात वेगळं, सख्ख्या जुळ्यांतसुद्धा वेगळं. ह्या झडलेल्या थराला शास्त्रज्ञांनी जंतुछाया असं नाव दिलं. पोलिसांनी पहिल्याच आठवड्यात त्यातले जंतू गाळले आणि नुसतं छाया म्हणायला लागले. हातमोजे घाला, तोंड बांधा, पाय पुसा, छाया मागे राहतेच. प्रेशर कुकरएवढं एक यंत्र खोलीच्या मधोमध ठेवायचं. तासभर ते हवा ओढतं, सरकारी नोंदीशी ताडून बघतं, आणि गेल्या दोन-तीन दिवसांत तिथे कोण कोण येऊन गेलं त्यांची यादी देतं.

यादी फार लांब यायची. घरचे, शेजारी, दूधवाला, प्रेत पाहून किंचाळलेली मोलकरीण आणि तिच्या मागून आलेले पोलीस. म्हणून वजावट आली. जे रीतसर येऊन गेले त्यांची नावं यंत्राला द्यायची, यंत्र ती वजा करतं, उरतो तो शेष. कोर्टात शेषाचा कागद ठेवला की भल्याभल्या वकिलांचा आवाज खाली यायचा.

इन्स्पेक्टर प्रमिला फेगडेच्या टेबलावर शेषाचे चार कागद होते. जानेवारी ते जून, चार बायका, चौघीही पन्नाशीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या, चौघींचाही गळा दाबलेला, चौघींच्याही घरातून काहीच नेलेलं नाही. चारही कागदांवर शेषापुढे एकच आकडा होता.

शून्य.

*

"शून्य दोन तऱ्हांनी येतं, मॅडम," डॉक्टर रमजान तडवी म्हणाले. ते जिल्ह्याच्या छायाशाळेचे प्रमुख. निकाल पाठवून मोकळं होण्याऐवजी आज ते स्वतः दोन बस बदलून आले होते, आणि ते तिला तेव्हाच खटकलं होतं. "एक, खरोखर कोणी आलंच नाही. आता बायकांनी स्वतःचे गळे स्वतः दाबले असतील, तर गोष्ट वेगळी."

"आणि दोन, सूट," प्रमिला म्हणाली. "केळीच्या बागेत फवारणीला घालतात तो बंद सूट. त्यातून छाया झडत नाही, हे तुम्हीच कोर्टात सांगितलंय. सूटवाला माणूस आत आहे. राजमल बारेला. सूट त्याच्या खोपटात सापडला, चारपैकी तीन बायकांच्या गल्लीत त्याने काम केलंय. आणि तो आत गेल्यापासून अकरा आठवड्यांत एकही खून नाही."

"म्हणजे तुमच्याकडे पुरावा काय, तर काही सापडलं नाही. उद्या माझ्या चहात साखर नाही म्हणून साखर चोरल्याचा आळ माझ्यावर घ्याल."

"तुम्ही साखर घेतच नाही."

"तेच म्हणतोय. मधुमेहाचा विचार आधी करावा." तडवींनी कप खाली ठेवला. "सूट ही पहिलीच तऱ्हा झाली, मॅडम. खोलीपुरतं कोणी आलंच नाही. दुसरी तऱ्हा अशी, की जो आला त्याला आपणच पुसला."

प्रमिलाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने कारण नसताना टेबलावरची फाईल सरळ केली.

"चारही घरांच्या वजावट याद्या मी शेजारी शेजारी ठेवल्या," ते म्हणाले. "शेजारी वेगळे, नातेवाईक वेगळे. चारही याद्यांत असलेली नावं फक्त तीन. तुम्ही. हवालदार सपकाळे. आणि पंच सीताराम निकुंभ. दुसऱ्या आणि चौथ्या खुनाच्या संध्याकाळी तुम्ही आणि सपकाळे यात्रेच्या बंदोबस्तात शंभर पोलिसांसमोर उभे होतात. तो हजेरीपट मी पाहिला. रागावू नका, पाहावा लागला."

"निकुंभ आबा पंच म्हणून आले होते. त्यांची छाया असणारच."

"चारही ठिकाणी आले होते?"

"कागदावर आहे."

"कागद मीही वाचलाय," तडवी म्हणाले.

*

पंच म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण यंत्राला ते कधीच कोणी सांगितलं नाही.

गुन्ह्याच्या जागी पोलिसांनी जे पाहिलं, जे उचललं, ते गावातल्या दोन त्रयस्थ माणसांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे, असा कायदा आहे. ती दोन माणसं म्हणजे पंच आणि त्यांच्या सहीचा कागद म्हणजे पंचनामा. कायदा चांगला आहे. पण पंच व्हायला कोणी तयार नसतं. एकदा सही केली की पुढची सहा वर्षं कोर्टाच्या तारखा, वकिलांचे उलटे प्रश्न, बुडालेला रोजगार. म्हणून जवळपास दर ठाण्याचा एक ठरलेला पंच असतो. बोलावलं की येणारा, नाही आला तर मागाहून सही करणारा, आणि कोर्टात शिकवलं तेवढंच बोलणारा.

कुसुंबखेड ठाण्याचे पंच म्हणजे समोरच्या पिठाच्या गिरणीचे सीताराम आबा निकुंभ. बासष्ट वर्षांचे, कानांच्या केसांपर्यंत पिठाने पांढरे. बारा वर्षांत प्रमिलाच्या दोनशे बारा पंचनाम्यांवर त्यांची सही होती. ठाण्यातले शिपाई त्यांना 'सरकारी डोळे' म्हणायचे आणि आबा हसायचे. दुसरा पंच दर वेळी बदलायचा, पहिले आबा.

ते कधी येत, कधी येत नसत. न आले तर सपकाळे परतताना टॅब घेऊन गिरणीत शिरत, आबा एका हाताने जात्यात धान्य लोटत दुसऱ्या हाताचा अंगठा काचेवर टेकवत. ह्यात कुणाचं नुकसान होतं असं कुणालाच वाटत नव्हतं. वस्तू खऱ्या, जागा खरी, चोर बहुधा खरा. खोटी असायची ती फक्त दोन माणसांची हजेरी.

पुढे यंत्र आलं, आणि वजा कोणाला करायचं हे ते पंचनाम्यातून वाचू लागलं.

*

"छाया कधीची आहे ते यंत्र सांगत नाही का?" तिने विचारलं होतं. "आदल्या दिवसाची की त्या दिवसाची?"

"छायेला घड्याळ नाही. उन्हाळा, ओल, माणसाचा घाम, सगळ्यावर ते जंतू कमीजास्त टिकतात. कोण ते सांगता येतं, केव्हा ते नाही." तडवींनी पिशवीतून एक कागद काढला. "पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या घरी निकुंभ आले होते, बातम्यांच्या फोटोत मागे उभे दिसतात. प्रश्न तिसऱ्या घराचा आहे. सुलभा झांबरे, निवृत्त शिक्षिका. अठरा मार्चच्या संध्याकाळी खून, एकोणीसच्या दुपारी पंचनामा. ह्या ओळी बघा. वजावटीत नाव दिलंय पण तो माणूस आलाच नव्हता, असं असलं तर यंत्र 'आढळ नाही' लिहितं. तुमच्या दुसऱ्या पंचापुढे इथे 'आढळ नाही' आहे."

प्रमिलाने कागद स्वतःकडे ओढला.

"ते मी पाहिलं नाही असं समजू," तडवी हळू आवाजात म्हणाले. "पण निकुंभांपुढे 'वजा' आहे. ते त्या घरात होते. तुम्ही नेलं म्हणून होते, तर गोष्ट संपली, बारेला आणि त्याचा सूट. तुम्ही नेलं नव्हतं, तर ते आदल्या संध्याकाळी होते. मी वजावट उघडू शकत नाही. ज्याची छाया रीतसर पडली त्याला संशयापासून जपायला कायद्याने ती कुलूपबंद केलीय. ते कुलूप तपास अधिकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्राने उघडतं. हा माणूस पंचनाम्याला हजर नव्हता, एवढं एक वाक्य."

"आणि आठवत नाही असं लिहिलं तर?"

"मग कागद खरा. सोमवारी बारेलाचा निकाल आहे." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, आठवत नाही?"

*

प्रत एक

*आम्ही खाली सही करणारे पंच, आज एकोणीस मार्च रोजी दुपारी साडेबारा वाजता, पोलिसांनी बोलावल्यावरून मौजे कुसुंबखेड येथील श्रीमती झांबरे यांच्या राहत्या घरी हजर झालो.* पंखा बंद होता. आबा दारात उभे होते, चपला हातात घेऊन, कारण बाईंची फरशी स्वच्छ होती आणि मेलेल्या बाईच्याही घरात त्यांना चपलेने शिरवेना. ते म्हणाले, बाई भाजणीला धणे जरा जास्त घालायच्या. प्रमिलाने त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्यांच्या खांद्यावरचं पीठ उंबऱ्यावर सांडलं आणि फोटोग्राफर ओरडला.

प्रत दोन

*आम्ही खाली सही करणारे पंच, आज एकोणीस मार्च रोजी दुपारी साडेबारा वाजता.* ऊन भयंकर होतं. नदीपलीकडे जायचं होतं. जीप गिरणीसमोरून गेली तेव्हा ती म्हणाली, राहू दे, आबांचं परतताना घेऊ. परतताना गिरणीपुढे बायकांची रांग होती. आबांनी जातं थांबवलंच नाही. काचेवर त्यांच्या अंगठ्याचं पीठ उमटलं, ते तिने स्वतःच्या रुमालाने पुसलं.

प्रत तीन

*आम्ही खाली*

दोन्ही आठवणी तिला स्पष्ट दिसत होत्या. चपला हातात धरलेले आबा तिने नक्की पाहिले होते, रुमाल तर अजून कपाटात होता. पण चपला झांबरे बाईंच्या घरी होत्या की सोनाराच्या चोरीच्या वेळी? रुमाल मार्चमधला की गेल्या वर्षीचा? दोनशे बारा दुपारी एकमेकींवर बसल्या होत्या. व्हिडिओ होता, पण त्यात नियमाप्रमाणे वस्तू होत्या, माणसं नव्हती. कपाट, पलंग, सांडलेला तांब्या. एका ठिकाणी कडेला कुणाची तरी कोपरापर्यंतची बाही दिसत होती, पांढरी. कुसुंबखेडात निम्मे पुरुष पांढरा सदरा घालतात.

एवढी वर्षं खोटं लिहिताना तिला कधी अपराधी वाटलं नव्हतं. आता खरं लिहायचं होतं, आणि तिच्यापाशी खरं नव्हतं.

*

हवालदार सपकाळेंना तिने आत बोलावलं आणि दार लावलं.

"सपकाळे, झांबरे बाईंच्या पंचनाम्याला आबा आले होते का?"

"कागदावर आहेत, मॅडम."

"कागदाचं नाही विचारत. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं विचारतेय."

सपकाळेंनी टोपी काढून डोकं खाजवलं. सव्वीस वर्षांची नोकरी. माणूस वाईट नव्हता. "दुसऱ्या पंचाची सही मी बसस्टँडवरून आणली होती, हे मला आठवतं. कोण होता ते नाही आठवत. आबांचं असं आहे, की..." ते थांबले. "मॅडम, मला काय आठवायचंय तेवढं सांगा. तेच आठवतो."

"मी खरं विचारतेय."

"मीही खरंच सांगतोय," सपकाळे म्हणाले. "तुम्ही सांगितलं की मला दिसायलाच लागतं. इतक्या वर्षांची सवय झालीय."

त्यांना जायला सांगून ती कोठडीच्या बाजूला गेली. बारेलाला निकालासाठी जिल्ह्याच्या तुरुंगातून इथे आणून ठेवलं होतं. तो भिंतीला टेकून बसला होता, तिला पाहून उठून उभा राहिला. अकरा आठवड्यांत त्याने तिला शिवी दिली नव्हती, मी केलं नाही असंही दोनदाच म्हणाला होता. दर वेळी तो एकच गोष्ट विचारायचा. आजही तेच विचारलं.

"बाई, तो सूट कधी सोडणार? मालकाचा आहे. मालक माझ्या बायकोला रोज विचारतो."

"सांगते," ती म्हणाली, जशी दर वेळी म्हणायची.

खुर्चीत येऊन बसल्यावर तिने हिशोब मांडला नाही, कारण मांडण्यासारखा नव्हता. आठवत नाही हे एकच प्रामाणिक वाक्य तिच्यापाशी होतं, आणि त्या वाक्याने बारेला फासावर जात होता. हजर होते असं लिहिलं तरी बारेलाच. हजर नव्हते असं लिहिलं तर कुलूप उघडणार, आबांची छाया शेषात येणार, आणि शेष म्हणजे आरोपी. एका माणसाला तिने काहीच सापडलं नाही म्हणून धरलं होतं. दुसऱ्याला आता काही आठवलं नाही म्हणून धरणार होती. नोकरी तर कुठलंही वाक्य लिहिलं तरी जाणार होती. त्याचं तिला इतकं कमी वाईट वाटलं, की तिलाच आश्चर्य वाटलं.

मग तिला कायद्यातलं एक कलम आठवलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला. ज्याची छाया उघडायची, त्याला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवावं लागतं. त्याने हरकत घेतली तर सगळं आपोआप वरच्या कोर्टात जातं, बारेलाचा निकालही थांबतो, आणि नवा अधिकारी पहिल्यापासून तपास करतो. हरकत नाही अशी सही दिली तरच कुलूप लगेच उघडतं. अशी सही कोण देईल? निर्दोष माणूस म्हणेल, मॅडम, मी आलो होतो की. दोषी माणूस तेच म्हणेल, जरा मोठ्याने. दोघांपैकी कोणीही असो, एक 'नाही' पुरे होतं. तेवढ्या एका शब्दाने हे ओझं तिच्या डोक्यावरून दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर गेलं असतं.

तिने प्रतिज्ञापत्र लिहिलं. नव्हते.

*

दुपारची वेळ, गिरणीत कोणी नव्हतं. आबांनी जातं बंद केलं, पट्टा फडफडत थांबला. फळीवर डबे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर रंगाने आडनाव. एकावर 'झांबरे'.

"हा अजून इथेच?"

"भाजणी. सतरा तारखेला दळून ठेवली, न्यायला आल्याच नाहीत," आबा म्हणाले. "टाकवत नाही. मागून घेणारं कोणी नाही त्यांना."

"तुम्ही घरपोच देता ना डबे?"

"कधी कधी. गुडघा बरा असला तर." त्यांनी स्टूल पुसून पुढे सरकवलं. "बसा. चष्मा घरी राहिलाय, वाचूनच दाखवा."

तिने वाचलं. पहिल्या शब्दापासून आबांच्या चेहऱ्यावर तो पंचाचा भाव आला. मान किंचित तिरकी, नजर जमिनीवर, जसे ते कोर्टात उभे राहत. "...पंच सीताराम निकुंभ हे सदर ठिकाणी प्रत्यक्ष हजर नव्हते. त्यांची सही मागाहून त्यांच्या गिरणीवर घेण्यात आली." ती थांबली.

"म्हणजे ह्या खेपेला मी नव्हतो," आबा म्हणाले.

"आबा, नीट ऐका. तुम्ही नव्हतात असं ठरलं, तर तुमची छाया त्या घरात कशी, असं विचारतील."

"विचारू द्या. तुम्ही सांगाल ते सांगेन."

"मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. होतात की नव्हतात?"

आबांनी वर पाहिलं. बारा वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पापण्यांवरच्या पिठामुळे त्यांचे डोळे म्हातारे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत तिला काहीही दिसेना. भीती नाही, लबाडी नाही. एखाद्या बंद घराच्या खिडकीतून आत बघावं तसं.

"कागदावर काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कागदावर दोन्ही आहे. जुन्यात होतात. नव्यात नव्हतात."

"मग नवा खरा. नेहमी नवाच धरतात ना?"

"तुम्हाला हरकत घेता येते. नाही म्हणता येतं. नाही म्हणा, आबा. सात दिवस मिळतील, वकील मिळेल."

"तुमच्या कागदाला मी कधी नाही म्हटलंय?" त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला, टॅब स्वतःकडे ओढला आणि कोणी न दाखवता योग्य जागा शोधून काढली. काच हिरवी झाली. हरकत नाही.

प्रमिला बसून राहिली. निर्दोष माणसाने हीच सही केली असती का? केली असती, कारण त्याला तिनेच तसं केलं होतं. दोषी माणसाने? तोही तिचाच पंच होता. आता डॉक्टर तडवींच्या यंत्रात एक नाव उगवणार होतं, त्याच्यापुढे शेष असं लिहून येणार होतं, आणि तो कागद बघून उद्या सगळं गाव म्हणणार होतं की शास्त्राने शोधून काढलं.

"उलटतपासणीला मी घाबरतो, तुम्हाला ठाऊक आहे," आबा म्हणाले. "एकदा पाठ करून घ्या."

तिला उठून जाता आलं असतं. ती म्हणाली, "एकोणीस मार्चला मी गिरणीवर होतो."

आबांनी डोळे मिटले. "एकोणीस मार्चला मी गिरणीवर होतो."

"झांबरे बाईंच्या घरी गेलो नाही."

"झांबरे बाईंच्या घरी गेलो नाही. त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाही, कधीच नाही."

आदल्या दिवसाचं तिने काढलं नव्हतं. मग तिला आठवलं, आणि हे मात्र तिला पक्कं आठवलं: वकील नेहमी आदला दिवस विचारतात, तेव्हा विचारायच्या आधीच सांगून टाकायचं, हे आबांना तिनेच शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी, ह्याच स्टुलावर बसून.

"बरोबर?" आबांनी विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा."